शिल्लक का वाढत नाही?

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गळती थांबली म्हणून खात्यातली शिल्लक लगेच वाढत नाही. एचआयव्हीच्या उपचारांत नेमके हेच घडते आणि त्यातून घरोघरी गैरसमज होतात.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या रक्तात औषधांमुळे आता हा विषाणू तपासणीत सापडत नाही. पण प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या त्याच्या सीडी-४ पेशी वर्षानुवर्षे तीनशेच्या आसपासच आहेत. निरोगी माणसात त्या साधारणपणे पाचशेच्या वर असतात. "हे गोळ्या चुकवत असणार, भाऊजी," असे त्याची पत्नी मला म्हणाली. बिचाऱ्याची घरातली पत तिथेच घसरली. वास्तविक तो गोळ्या सतत चुकवत असता, तर विषाणूने पुन्हा डोके वर काढले असते.

मग सीडी-४ वाढत का नाहीत? उपचार उशिरा सुरू होणे, वाढते वय, क्षयरोग अशी कारणे असतातच. शिवाय शरीरात दुसरे विषाणूही दडलेले असतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि जन्मभर मुक्काम ठोकतो. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एचआयव्हीबाधिताच्या शरीरात मात्र त्याच्यावर पहारा देण्यात सीडी-८ पेशींची मोठी फौज अडकून पडते, आतल्या आत दाह धुमसत राहतो आणि दोन्ही पेशींचा तोल सावरत नाही. हिपॅटायटिस सी यकृत पोखरतो. तो असलेल्यांच्या सीडी-४ सावकाश वाढतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे.

यातले काही आपल्या हाती आहे. हिपॅटायटिस सी आता बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. एचआयव्हीच्या गोळ्यांतली टेनोफोव्हिर आणि लॅमिवुडिन ही औषधे हिपॅटायटिस बी लाही आवरतात. म्हणूनच त्या परस्पर बंद केल्या, तर यकृताचा दाह उसळू शकतो. बी ची लागण झालेली नसेल, तर लस आहे.

तेव्हा घरच्यांनी रिपोर्टातला एकच आकडा पाहून माणसावर ठपका ठेवू नये. सोबत दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना विचारावे, "बी आणि सी ची तपासणी झाली आहे का?" संशयापेक्षा हा प्रश्न रुग्णाच्या अधिक उपयोगी पडेल.