आच्छादन पीक म्हणून चारा ज्वारी

चारा ज्वारी हे धान्यासाठी नव्हे, तर वैरणीसाठी घेतले जाणारे ज्वारीचे पीक होय. महाराष्ट्रात दाट पेरलेल्या अशा हिरव्या ज्वारीस कडवळ म्हणतात. दोन मुख्य पिकांमधील काळात जमीन उघडी राहू नये म्हणून ती पेरल्यास तिला आच्छादन पीक म्हटले जाते. अमेरिकेत या कामासाठी ज्वारी व सुदान गवत यांचा संकर विशेष वापरला जातो. सुदान गवताचे बियाणे तेथे १९०९ मध्ये सुदानमधून नेण्यात आले.

लागवड
हे उष्ण हवामानातील पीक आहे. जमिनीचे तापमान सुमारे १८° से. झाल्यावर पेरणी करतात. हेक्टरी सुमारे ४० किलो बियाणे लागते.

जमिनीवरील परिणाम
दाट पानोळ्यामुळे तणांना प्रकाश मिळत नाही आणि पावसाच्या थेंबांच्या माऱ्यापासून माती वाचते. मुळांतून स्रवणारे सोर्गोलिओन हे द्रव्य तणांची वाढ रोखते. मात्र ते पुढील पिकाच्या उगवणीलाही बाधक ठरू शकते. पीक सुमारे एक मीटर उंच असताना १५ सेंमी बुडखा राखून कापल्यास नवे फुटवे येतात आणि मुळे अधिक खोल जाऊन घट्ट माती मोकळी करतात.

गाडण्याची वेळ
कोवळे पीक लवकर कुजते. जून झालेल्या ताटांत कर्बाचे प्रमाण नत्राच्या मानाने फार वाढते. अशी ताटे गाडल्यास ती कुजविणारे सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र वापरतात आणि पुढील पीक काही काळ पिवळे पडते. म्हणून पीक फुलोऱ्यापूर्वी गाडून पेरणीपूर्वी काही आठवडे थांबणे इष्ट असते. ज्वारी स्वतः नत्र स्थिर करीत नसल्याने तिच्यासोबत चवळीसारखे द्विदल पीकही घेतात.

जनावरांना धोका
जमिनीसाठी योग्य असलेली ही कोवळी अवस्थाच जनावरांसाठी घातक असते. कोवळ्या पानांत धुरिन हे द्रव्य असते. पाने चावली गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पावसाच्या ताणात सुकलेले पीक व कापणीनंतरचे कोवळे फुटवे यांत धोका अधिक असतो. विषबाधा झालेले जनावर धापा टाकते, थरथरते आणि थोड्याच वेळात दगावू शकते. त्यामुळे पशुवैद्यकाचे उपचार तातडीने मिळणे आवश्यक असते. वैरणीसाठी कापणी साधारणतः निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर करतात, कारण तोपर्यंत विषाचे प्रमाण बरेच घटलेले असते.