अपघातानंतरची मनाची जखम

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोण तालुक्यातील चावडी येथे बांधकाम चालू असलेली एक इमारत कोसळली आणि त्या बांधकामावरील मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. अग्निशमन दलाचे जवान, सैनिक व पोलीस यांनी कित्येक दिवस तो ढिगारा उपसला. अशा दुर्घटनांची नोंद दप्तरात मृत, जखमी व नुकसानभरपाई अशा रकान्यांत होते. परंतु जे ढिगाऱ्यातून जिवंत निघतात, जे आपल्या हातांनी प्रेते उचलतात आणि ज्या मुलांचा बाप घरी परतत नाही, त्यांच्या मनावर जे घाव पडतात त्यांच्यासाठी सहसा रकाना नसतो. हे घाव ओळखता येतात आणि त्यांवर उपचारही आहे, ही माहिती गावोगावी पोहोचणे अगत्याचे आहे.

भीषण प्रसंगानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकणे, तोच देखावा डोळ्यांपुढे येणे, अन्नावरची वासना जाणे, हा रोग समजू नये. मार लागला की सूज यावी, तसाच हा प्रकार आहे. बहुसंख्य माणसे घरच्यांच्या सोबतीने व रोजच्या कामाने काही आठवड्यांत सावरतात. मात्र महिना उलटला तरी तेच स्वप्न पडते, माणूस तो रस्ता टाळतो, भांडे पडले तरी त्याला घाम फुटतो, बायकोमुलांविषयीची माया आटल्यासारखी वाटते, असे असेल तर ती आघातोत्तर तणावविकाराची खूण असू शकते.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये हे नाव आपल्या रोगसूचीत घातले. विकार त्याहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडमध्ये आगगाड्यांचे अपघात होऊ लागले, तेव्हा अंगावर फारशी जखम नसलेले प्रवासीही महिनोन्महिने थरथरत. जॉन एरिक्सेन या शल्यवैद्याने १८६६ मध्ये याचे कारण पाठीच्या कण्याला बसलेल्या हिसक्यात शोधले. पुढे १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या शल्यवैद्याने, भीतीचा धक्का हेच अनेकांच्या दुखण्याचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. पेज हा रेल्वे कंपनीच्या सेवेत होता आणि भरपाईचे दावे लढविणाऱ्या कंपनीला त्याचे मत सोयीचे होते, हे लक्षात ठेवलेले बरे. तथापि भीतीनेही खरेखुरे दुखणे जडते, हे त्याचे निरीक्षण टिकले. ‘सोंग करतो’ हा आरोप मात्र जखमी कामगाराच्या पाठीस तेव्हापासून लागला आहे, तो अद्याप सुटलेला नाही.

मदतीला धावणाऱ्यांची स्थिती थोडी निराळी असते. सामान्य माणसाच्या वाट्याला असा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळी येतो. अग्निशामक, १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, किनाऱ्यावरील जीवरक्षक व पोलीस यांच्या वाट्याला तो वारंवार येतो. शिवाय जवानाने डोळ्यांत पाणी आणू नये असा संकेत असल्याने बोलणे राहून जाते आणि पुष्कळदा दारू जवळ केली जाते. अमेरिकेत पूर्वी स्वतः अग्निशमन सेवेत काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये एक पद्धत सुचविली. घटनेनंतर काही दिवसांतच सर्व जवानांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून काय पाहिले, काय वाटले हे वदवून घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. ती झपाट्याने पसरली. पुढे संशोधकांनी अशा एकाच बैठकीचे परिणाम, विशेषतः अपघातग्रस्तांवर, तपासले, तेव्हा तिने विकार टळत नाही, इतकेच नव्हे तर काहींचा त्रास अधिक लांबतो, असे दिसून आले. म्हणून ‘सगळे सांगून मोकळा हो’ असा आग्रह ताज्या घटनेनंतर कोणी धरू नये. स्वतःहून बोलणाऱ्यास मात्र अडवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत याऐवजी मानसिक प्रथमोपचार सांगितला आहे. पाहा, ऐका, जोडून द्या, असे त्याचे तीन शब्दांत वर्णन करता येईल. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे. जो बोलेल त्याचे शांतपणे ऐकावे. आणि त्याला पाणी, निवारा, घरची माणसे, खरी बातमी व आवश्यक सेवा यांच्याशी जोडून द्यावे. हे काम शिक्षक वा पंचायत सदस्यही थोड्या प्रशिक्षणाने करू शकतात. याच संघटनेने २०१३ मध्ये डॉक्टरांनाही बजावले की, या लक्षणांसाठी पहिल्या महिन्यात सवय लावणाऱ्या शामक गोळ्या देऊ नयेत.

महिन्यानंतरही त्रास टिकला तर खरा उपचार सुरू होतो. तो बहुतांशी बोलण्याचा असला, तरी नुसत्या गप्पांचा नव्हे. माणूस ज्या आठवणीपासून पळतो, तिच्याकडे तज्ज्ञाच्या सोबतीने, सुरक्षित जागी व ठरावीक क्रमाने वळणे, हे त्याचे सूत्र आहे. आठवण पुनःपुन्हा मांडली की तिचा दंश बोथट होत जातो. ‘माझ्यामुळेच तो मेला’ यांसारखी मनात रुतलेली समजूतही पुराव्याने तपासून पाहिली जाते. हा क्रम बहुधा आठवड्यातून एक, अशा आठ ते पंधरा बैठकांत पुरा होतो. कित्येकांना हे संमोहन वाटते, तसे ते नाही. गोमंतकापुरते सांगायचे, तर संमोहनाचे मूळ संमोहित होणाऱ्याच्याच मनात असते हे १८१३ पासून पॅरिसमध्ये शिकविणारा आबे फारिया हा कांदोळीचाच. पणजीत त्याचा पुतळा आहे. परंतु येथे रोगी पूर्ण जागा असतो आणि उपचाराचा वेगही त्याच्या संमतीने ठरतो.

मुलांच्या बाबतीत मोठ्यांची फसगत लवकर होते. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील चौचिला गावी शाळेच्या बसमधील २६ मुले व चालक यांना पळवून नेऊन दगडाच्या खाणीत पुरलेल्या एका मालवाहू गाडीच्या डब्यात कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी चालक व मोठी मुले यांनी छत उघडून सर्वांची सुटका केली. कोणाला गंभीर इजा नव्हती. तरीही लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाईंना तपासलेल्या प्रत्येक मुलात त्या प्रसंगाच्या खुणा आढळल्या, आणि चार वर्षांनंतरही त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. लहान मुले पळवापळवीचाच खेळ पुनःपुन्हा खेळत. आपल्याकडे पिकनिकला गेलेला सोबती बुडाला, तर वर्गातील मुले गप्प बसतात, चिडतात, अभ्यासात मागे पडतात, काही पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. शिक्षकांनी यास शिस्तभंग समजू नये. मुलांच्या उपचारात आईवडिलांनाही बसविले जाते आणि लहानग्यांकडून चित्रांतून गोष्ट काढून घेतली जाते. मोठा मुलगा ‘जगून काय करू’ असे बोलला, तर जीव देण्याचा विचार येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही.

जखमी कामगाराच्या दुःखात तर पोटाचा प्रश्नही मिसळलेला असतो. यंत्रात बोटे गेलेला माणूस त्या यंत्राच्या आवाजानेही गळून जातो. त्याला एकदम यंत्रावर उभे करणे जसे चूक, तसेच वर्षभर घरी बसविणेही चूक. आधी कारखान्याच्या फाटकापर्यंत, मग बंद यंत्रापाशी, मग हलक्या कामावर, अशा पायऱ्यांनी भीती ओसरते. तुटलेला हात अजून जागेवर असून तो दुखतो, असे कोणी सांगितले तर त्याला वेड लागले असे समजू नये; हा अनुभव अवयव गमावलेल्या बहुतेकांना येतो. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात त्यावर साध्या आरशाचा उपाय काढला. शाबूत हाताचे प्रतिबिंब तुटलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून हालचाल केली, की काहींच्या वेदना कमी होतात. सर्वांना गुण येत नाही, पण खर्च आरशापुरताच.

एवढे तज्ज्ञ आणावेत कोठून, अशी शंका येईल. तिचे एक उत्तर गोव्यातच मिळाले. ‘संगात’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने आरोग्य केंद्रांत स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेले समुपदेशक तयार करून नेमले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शासकीय केंद्रांत अशी मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत शंभरातील सुमारे ६६ बरे झाले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. हा प्रयोग खिन्नता व चिंता यांवरचा होता, अपघाताच्या आघातावरचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. तरीही अपघातग्रस्तांमध्ये खिन्नता पुष्कळ आढळते, त्यामुळे हा अनुभव येथेही उपयोगी आहे.

गरजूंनी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे; तेथून आवश्यकतेनुसार बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेकडे जाता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. ज्यांनी आरोग्यविमा उतरविला आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपनीने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही संरक्षण देणे बंधनकारक आहे. त्यासाठी तपासणीची व उपचारांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.