आपली हद्द आणि शेजाऱ्याचा कान

मालकीचा अर्थ विचारला असता आपल्याकडील गृहस्थ बहुधा एकच उत्तर देतात : जे आपले आहे, त्याचे आपण वाटेल ते करावे. घर माझे, आवार माझे, सातबाऱ्यावर नाव माझे. मग आत मी बंदुकीचा बार काढीन की रात्रभर ढोल बडवीन, दुसऱ्याने त्यात का पडावे? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तरही नुसते रागावून न देता, कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो व का म्हणतो, हे नीट समजून घेऊन दिले पाहिजे. आजच्या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. मनुष्य आपल्या जमिनीवर करतो त्यांपैकी बहुतेक गोष्टी त्या जमिनीवरच राहतात. त्याने झाड लावले तर ते तेथेच उभे राहते. विहीर खणली तर खड्डा तेथेच असतो. परंतु दोन गोष्टी अशा आहेत, की त्या सुरू होतात आपल्या हद्दीत आणि संपतात भलतीकडे. एक बंदुकीची गोळी व दुसरा आवाज. ०.२२ बोअरची रायफल तशी लहान, पण तिची गोळी अडथळा नसेल तर मैलापलीकडे जाते. आवाजाला कुंपण ठाऊक नाही, भिंतही अर्धवटच ठाऊक आहे. तेव्हा ह्या दोन गोष्टींपुरता तरी ‘माझ्या जागेत’ हा युक्तिवाद अपुरा पडतो.

हे तत्त्व न्यायालयांनी फार पूर्वी ओळखले. इंग्लंडात १८९३ साली एका खटल्यात शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांचे भांडण न्यायालयासमोर आले. एका घरात गायन-वादनाचे शिक्षण चाले. दुसऱ्या घरातील गृहस्थाला त्याचा त्रास होई, म्हणून तो मधल्या भिंतीवर ठोके मारी, ताटे बडवी, शिट्ट्या फुंकी आणि ओरडे. हे सर्व तो स्वतःच्याच घरात करीत होता. न्यायालयाने त्याला मनाई केली, कारण त्याचा आवाज केवळ शेजाऱ्याला छळण्यासाठी होता.

१९३६ सालचा दुसरा खटला तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो. केंट परगण्यात एकाने रुपेरी कोल्ह्यांची पैदास सुरू केली व तशी पाटी लावली. शेजारच्या जमीनमालकाला आपली जमीन घरांसाठी विकायची होती. ती पाटी पाहून गिऱ्हाईक बिचकेल असे त्याला वाटले. पाटी काढण्यास नकार मिळताच त्याने कोल्ह्यांच्या विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीवर, पण हद्दीच्या आतच, मुलाकडून बंदुकीचे बार काढविले. माद्या बिथरल्या, नरांना जवळ येऊ देईनात. ‘मी माझ्या जमिनीवर ससे मारीत होतो,’ हा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नुकसानभरपाई तर देववलीच. शिवाय १ जानेवारी ते १५ जून ह्या काळात त्या बाजूला बंदूक झाडून आवाज करण्यास मनाई केली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बंदूक बाळगण्यास वा ससे मारण्यास मनाई झाली नाही. हेतू, वेळ आणि परिणाम ह्या तिन्ही गोष्टी तपासून मग आपल्या हक्काची मर्यादा ठरते.

आता आपल्या देशाकडे वळू. बंदुकीसंबंधी आपल्याकडे १८७८ सालचा शस्त्रांचा कायदा होता. परकीय सत्तेने प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी केलेला म्हणून त्याच्यावर राष्ट्रसभेने वारंवार टीका केली. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याप्रमाणे बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. तो जिल्हा दंडाधिकारी, आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात.

कोकणात किंवा घाटावर ज्यांची शेती रानालगत आहे, त्यांना हा विषय पुस्तकी वाटणार नाही. डुक्कर आणि वानर ह्यांनी उभे पीक लोळविले म्हणजे काय होते हे ते जाणतात. कायद्यानेही हे जाणले आहे. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्या अधिनियमातच आहे. परंतु येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे, आणि ती आपल्या शेतातही लागू आहे. पीक उद्ध्वस्त करणारा प्राणी मारायचा असला, तरी त्यासाठी अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा. अंगावर धावून आलेल्या जनावरापासून जीव वाचविताना ते मारले गेले, तर मात्र तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे शेत माझे, बंदूक माझी आणि परवानाही माझा, एवढ्याने नेम धरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

दुसरी बाब हौसेच्या बारांची. लग्नात, मिरवणुकीत, निवडणुकीच्या विजयात हवेत बार काढण्याची रीत देशाच्या काही भागांत आहे. २००७ साली उत्तराखंडात एका लग्नसमारंभात एकाने छताच्या दिशेने बंदूक झाडली. छर्रे पाच जणांना लागले, त्यांतील दोघे दगावले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये खुनाचे कलम बदलून सदोष मनुष्यवध धरला व दहा वर्षांची शिक्षा दिली. मारण्याचा हेतू नव्हता हे न्यायालयाने मानले; पण भरलेली बंदूक गर्दीत झाडल्याचा परिणाम काय होईल, हे झाडणाराला समजायलाच हवे, असेही म्हटले. त्याच्या आधीच, डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने, निष्काळजीपणे किंवा समारंभात हौसेखातर बंदूक झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा झाला होता. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा आहेत. मांडव स्वतःच्या दारात होता, ही सबब येथे चालत नाही. पाहुण्यांचा जीव दाराच्या आतही तितकाच मोलाचा असतो.

कोणी म्हणेल, की काही समाजांच्या परंपरेचाच बंदूक हा भाग आहे, त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे. कर्नाटकातील कोडगू प्रांतात शस्त्रपूजेचा सण आहे, जन्ममृत्यूच्या प्रसंगी बार काढण्याचा रिवाज आहे. तेथील कोडव लोकांना परवान्यातून सूट पूर्वापार आहे, आणि केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली. पण ही सूट परवान्यापुरती आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याची सूट कोणत्याच परंपरेला नाही.

आता आवाजाकडे येऊ. आवाज डेसिबल ह्या एककात मोजतात, आणि हे एकक थोडे फसवे आहे. साठाचे सत्तर झाले म्हणजे आवाज षष्ठांशाने वाढला असे नव्हे. त्याची शक्ती दसपट झाली, आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. म्हणून नियमातील पाच-दहा डेसिबलांचा फरक क्षुल्लक समजू नये.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी अमलात आले. त्यांत वस्तीचे चार प्रकार केले आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते ६. औद्योगिक भागात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल. व्यापारी भागात ६५ व ५५. निवासी भागात ५५ व ४५. आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहानंतर तो उघड्यावर लावता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्याआत ऐकू जाण्यापुरता, चालतो. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तेव्हा हा कायदा उत्सवाचा वैरी आहे असे म्हणता येणार नाही. त्याने उत्सवाला दिवस दिले आहेत, आणि उरलेल्या रात्री झोपेसाठी राखल्या आहेत.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र २०१० साली ह्या नियमांत घातलेल्या एका तरतुदीत आहे. खाजगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज, त्या खाजगी जागेच्या हद्दीवर मोजला असता, त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलांहून अधिक असता कामा नये. निवासी वस्तीत ह्याचा हिशेब असा : दिवसा कुंपणापाशी साठ, रात्री पन्नास. दिवाणखान्यात किती आवाज आहे ह्याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. तो कुंपणावर येऊन उभा राहतो आणि तेथे कान देतो. मालकी आणि शेजारधर्म ह्यांची सीमारेषा इतक्या स्वच्छपणे आखलेली क्वचितच पाहावयास मिळते.

येथे चाणाक्ष वाचक एक शंका काढील. बंदुकीचा बार क्षणभराचा. त्याला ही मोजपट्टी कशी लावणार? शंका बरोबर आहे. वरील आकडे ठरावीक वेळाच्या सरासरीचे आहेत. बंदुकीच्या बाराचा कानाजवळचा कमाल दाब १४० डेसिबलांच्याही वर जातो, पण तासाभराच्या सरासरीत तो एकटा बार विरून जाऊ शकतो. म्हणूनच अशा आवाजासाठी दुसरे मार्ग आहेत. फटाक्यांकरिता क्षणिक आवाजाचे वेगळे प्रमाण ठरविलेले आहे व रात्री आवाजाचे फटाके वाजविण्यास मनाई आहे. बंदुकीला शस्त्र अधिनियम आहेच. शिवाय महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे ३८ वे कलम आहे. कोणत्याही आवारातील गाणे-बजावणे, वाद्यांचे आवाज किंवा गोंगाटाचा व्यवसाय ह्यांनी आसपास राहणाऱ्यांना त्रास होत असेल, तर पोलीस आयुक्त वा अधीक्षक लेखी आदेशाने तो थांबवू किंवा नियंत्रित करू शकतात. तेथे डेसिबलांचा हिशेब मुख्य नसून माणसांना होणारा त्रास मुख्य आहे.

हे सर्व इतके महत्त्वाचे का? २००५ सालच्या ज्या निकालाचा ह्या विषयात नेहमी आधार घेतला जातो, त्याच्या मुळाशी एक करुण घटना आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी मोठ्याने चाललेल्या गाण्यांत तिचा आक्रोश कोणाला ऐकू गेला नाही. पुढे तिने स्वतःला जाळून घेतले. ह्या घटनेवरून एका अभियंत्याने याचिका केली. सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान ह्यांनी १८ जुलै २००५ रोजी निकाल दिला. स्वस्थपणे जगण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि स्वतःच्या जागेतसुद्धा, हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यांना उपद्रव होईल असा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही, असे त्यांनी सांगितले. भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली न ऐकू इच्छिणाऱ्याला ऐकावयास भाग पाडता येत नाही, हेही त्यातूनच निघते.

त्रास होत असेल तर नागरिकाने काय करावे? प्रथम शेजाऱ्याला सांगावे. निम्मी भांडणे न सांगितल्यामुळेच वाढतात. त्याने भागले नाही, तर ११२ वर कळवावे किंवा पोलीस ठाण्यात तारीख, वेळ व किती वेळ आवाज चालला ह्यांची नोंद देऊन तक्रार करावी. तक्रारदाराची ओळख पटविण्याचा आग्रह पोलिसांनी धरू नये व ती उघड करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. पर्यावरण अधिनियमाखालील कैदेच्या शिक्षेऐवजी १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. उपद्रव कायम चालणारा असेल, तर दंडाधिकाऱ्याकडे तो दूर करविण्यासाठी अर्ज करता येतो, आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूमही मिळविता येतो.

मात्र केवळ कायद्याच्या धाकाने शांतता नांदत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक कुंपणाशी मोजयंत्र घेऊन शिपाई उभा करता येणार नाही, आणि करताही येऊ नये. पलीकडच्या खोलीत ताप आलेले मूल असेल, परीक्षेचा विद्यार्थी असेल, रात्रपाळी करून निजलेला कामगार असेल, एवढी आठवण मनुष्याला राहिली तर बहुतेक काम होते. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा आवाज पोहोचे तेवढीच सभा असे, आणि ज्याला ऐकायचे तो उठून जवळ येई. आज आपल्या सभांनाही ध्वनिक्षेपक आहे, आणि तोही दहा वाजता बंद झाला पाहिजे. विचार ऐकविण्यासाठी जमलेल्या मंडळींनी हा नियम आधी स्वतःला लावावा. मग शेजाऱ्याला तो सांगताना जीभ अडखळणार नाही.