गिगाबिट लॅन कार्डसाठी पैसे मोजावेत का? आधी केबल आणि राउटर तपासा!

खडकवासला : धरणसाखळीतील चार धरणांची एकूण क्षमता २९.१५ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा अवघा १.९७ टीएमसी. तरीही पानशेत, वरसगाव आणि टेमघरचे पाणी पुण्याकडे येते ते खडकवासल्यातूनच. वरची धरणे तुडुंब असली, तरी पुढे किती पाणी सुटणार हे इथेच ठरते. घरातल्या नेटवर्कचेही तसेच आहे. संगणकात गिगाबिट कार्ड बसवले, पण राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल, तर वेग तिथेच अडतो.

फरक किती पडतो?

घरातल्या दोन संगणकांत ५० जीबीचे फोटो-व्हिडिओ पाठवायचे असतील, तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सव्वा तासाच्या आसपास लागतो. गिगाबिटवर हेच काम साधारण आठ मिनिटांत होते. मात्र, हार्ड डिस्क जुनी आणि संथ असेल, तर एवढा फायदा दिसत नाही.

इंटरनेट वेगवान होईल का?

प्लॅन १०० एमबीपीएसपेक्षा कमी असेल, तर नाही. ऑनलाइन वर्ग किंवा व्हिडिओ कॉलला काही एमबीपीएस पुरतात. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा असेल, तर मात्र जुने कार्ड निम्म्याहून अधिक वेग वाया घालवू शकते.

कटकट कुठे आहे?

कार्ड बसवणे सोपे आहे. खरी अडचण केबलची. १०० एमबीपीएससाठी केबलमधील तारांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तार तुटली किंवा जोडलीच नसेल, तर वेग १०० वर येतो. केबल किमान ‘कॅट ५ई’ दर्जाची हवी. लॅपटॉपसाठी अडॅप्टर घेताना तो यूएसबी ३.० चा घ्यावा, यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे.

खरेदीआधी काय करावे?

विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटचा ‘लिंक स्पीड’ पाहा. १००० दिसले, तर कार्डची गरजच नाही. गेल्या दशकभरातील बहुतेक मदरबोर्डवर गिगाबिट पोर्ट असतोच. १०० दिसले, तर आधी केबल बदलून पाहा, मग राउटरचा पोर्ट तपासा. दोन्ही ठीक असतील आणि संगणक खरोखरच जुना असेल, तरच कार्ड घ्या.