हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. गेले अकरा महिने नियमितपणे खोकून, सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवून आणि पहाटे पाचला साऱ्या घराची झोप मोडून दिलेला पुरावा तिथे चालत नाही. रीतसर दाखला लागतो. जन्माचा दाखला एकदाच काढायचा, शाळा सोडल्याचाही एकदाच. मृत्यूचा तर काढायला आपल्याला जावेच लागत नाही. दरवर्षी नवा लागतो तो फक्त हयातीचा. केंद्र सरकारने ऐंशी गाठलेल्यांना एक सवलत दिली आहे, त्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच घेतात. हेतू चांगला आहे, म्हाताऱ्यांना गर्दीत ताटकळावे लागू नये. पण आमच्या कट्ट्यावर त्याचा अर्थ वेगळा लावतात. ‘नोव्हेंबरपर्यंतची खात्री सरकारलाही वाटत नाही रे!’

हा कट्टा म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा. मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, म्हणजे त्याचीही शंभरी भरली. त्याला मात्र दाखला कोणी मागत नाही. कट्ट्याच्या कडेने एक फेरी मारली की सव्वा किलोमीटरच्या आसपास चाल होते. आम्ही पूर्वी चार फेऱ्या मारून बसत असू. पुढे दोन झाल्या, मग एक. आता ‘फेरी मारून येतो’ असे घरी सांगून आम्ही थेट बसायलाच जातो. पूर्वी एकमेकांना गावसकरचा स्कोअर विचारायचो, आता साखरेचा विचारतो.

‘किती?’

‘एकशे चाळीस, नाबाद.’

‘जेवणाआधी की नंतर?’

सात जण होतो, चार उरलो. एकेक जण कमी झाला तसे आम्ही थोडे थोडे सरकून जवळ बसू लागलो. कान कमी झाले म्हणून, असे आम्ही म्हणतो.

असो. दाखल्याविषयी बोलत होतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही सोय निघाली आणि यंत्रावर अंगठा टेकवला की काम होईल असे आम्हाला कळले. मी उत्साहाने गेलो. टपाल खात्यात आयुष्यभर पत्रे वर्गवारीला लावून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच पुसून गेल्या होत्या, हे त्या दिवशी प्रथम समजले. ‘आजोबा, अंगठा पुसून पुन्हा लावा,’ काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी पुसला, धुतला, दुसराही लावून पाहिला. यंत्र मला ओळखेना. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला सही करण्याइतके शिकवले, म्हातारपणी सरकारने पुन्हा अंगठाबहाद्दर केले आणि त्या परीक्षेतही मी नापास!

मग २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला मिळू लागला. फोनसमोर बसायचे आणि सांगितले की डोळे मिचकवायचे. आमच्यातल्या मास्तरने नातवाकरवी हा प्रयोग केला. ज्याने उभ्या आयुष्यात बायकोकडे पाहूनही डोळा मिचकावला नव्हता, तो फोनकडे पाहून मिचकावत होता आणि फोन काही लाजत नव्हता.

आमच्या कट्ट्याचाही एक नियम आहे. न येणार असशील तर आदल्या दिवशी सांगायचे. न सांगता गैरहजर राहिला की सातला फोन, आणि फोन उचलला नाही तर थेट घर. हा नियम कोणी लिहून काढलेला नाही. तिसरा मित्र गेल्याचे आम्हाला चार दिवसांनी वर्तमानपत्रात वाचून कळले, तेव्हापासून तो लागू झाला.

गेल्या पावसाळ्यात गार्ड आला नाही. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा मित्र साडेसहाच्या ठोक्याला हजर होई आणि आम्हाला दोन मिनिटे उशीर झाला तर घड्याळ दाखवी. सात वाजले. फोन वाजत राहिला. वहिनी जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा परदेशी. आम्ही तिघे निघालो. इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले आम्ही कसे चढलो ते गुडघ्यांनाच ठाऊक. मास्तर प्रत्येक जिन्यावर थांबून ‘तो नुसता झोपला असेल’ असे म्हणत होता, आणि आम्ही दोघे ‘हो, हो’ म्हणत होतो. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती.

गार्ड न्हाणीघरात भिंतीला टेकून बसला होता. पहाटे पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, हाक मारून घसा बसला. आम्हाला पाहून तो म्हणाला, ‘पाऊण तास लेट आहात.’

मास्तर रागावला. ‘मूर्खा, फोन खिशात ठेवायला काय होतं?’ एवढे बोलून तो तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि त्याने गार्डचा हात धरून ठेवला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

शस्त्रक्रिया झाली. गार्ड आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतो. तीन मजले उतरणे त्याला जमत नाही, म्हणून दर रविवारी कट्टा वर जातो. प्रत्येक मजल्यावर आम्ही एकेक स्टेशन घेतो, तो वरून ‘सिग्नल मिळाला का?’ असे ओरडतो.

यंदा नोव्हेंबरात त्याच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी आला. २०२० पासून ही सोय आहे आणि खाते माझे, म्हणून मी कॉलर ताठ करून शेजारी बसलो होतो. गार्डचा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळला. तो हयात असल्याचे यंत्राने मान्य केले. पोस्टमन गेल्यावर गार्ड बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता.

‘सरकारला आज कळलं,’ तो म्हणाला. ‘तुम्ही तर त्या दिवशी सव्वासातलाच चौकशीला आलात.’

मग त्याने घड्याळाकडे पाहिले आणि चहा अजून का आला नाही म्हणून आमच्यावरच डाफरला.