कानामागील श्रवणयंत्राचे सुटे भाग

कानामागे बसणारे श्रवणयंत्र नीट जपल्यास कित्येक वर्षे सेवा देते. परंतु त्याला जोडलेली नळी तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते आणि घट तर काही दिवसांतच संपतो. म्हणजे यंत्र एकदाच घ्यावयाचे असले, तरी त्याचे सुटे भाग निवडण्याचा प्रसंग वारंवार येतो. यंत्र निवडताना श्रवणतज्ज्ञ शेजारी असतो. सुटा भाग घेताना बहुधा कोणीच नसते. त्यामुळे उत्तम यंत्रही एखाद्या क्षुल्लक किमतीच्या नळीपायी निकामी ठरते, आणि ‘याचा काही उपयोग होत नाही’ असे म्हणून ते कपाटात पडून राहते.

या यंत्रात ध्वनीचा मार्ग असा आहे : कानामागील पेटीतील ध्वनिग्राहक आवाज टिपतो, वर्धक तो वाढवितो आणि ध्वनिक्षेपक तो पुन्हा हवेत सोडतो. तेथून कानाच्या पाळीवर टेकणारा आकडा, मऊ पारदर्शक नळी आणि कानात घट्ट बसणारा साचा या वाटेने आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. शेवटच्या तिन्ही भागांत वीज नसते. म्हणून लोक त्यांना नुसत्या वाहिन्या समजतात. ही समजूत चुकीची आहे. सनईचे तोंड काढून तेथे सरळ नळी लावली, तर सूर तोच राहील काय? तीच गोष्ट येथे आहे.

कोणता भाग बदलावयाचा हे आधी ठरविले पाहिजे. यंत्र शिट्टी वाजवू लागले, म्हणजे वाढविलेला आवाज कोठून तरी निसटून पुन्हा ध्वनिग्राहकात शिरत आहे असे समजावे. अशा वेळी यंत्र कानातून काढून साच्याचे छिद्र बोटाने घट्ट दाबावे. साच्याला हवेसाठी दुसरे छिद्र असल्यास तेही दाबावे. शिट्टी थांबली तर नळी व आकडा धड आहेत. साचा कानात सैल झाला आहे, नीट बसविला गेलेला नाही किंवा कानात मळ साचला आहे. शिट्टी चालूच राहिली तर साचा व नळी आकड्यापासून अलग करून आकड्याचे टोक दाबावे. आता शिट्टी थांबल्यास दोष नळीत, बहुधा एखाद्या बारीक चिरेत आहे. तरीही ती थांबली नाही, तर आकडा तडकला आहे किंवा बिघाड पेटीच्या आत आहे. पेटीतील बिघाड दुरुस्त करणे घरचे काम नव्हे. या साध्या परीक्षेने अनेक अनावश्यक खरेद्या टळतील.

नळी कालांतराने पिवळी पडते, कडक होते आणि आखडते. म्हणून जुन्या नळीच्या मापाने नवी नळी कापू नये. आखूड झालेली नळी साचा कानातून ओढू लागते. उलट नळी लांब राहिली, तर पेटी पाळीवर डुलत राहते. यंत्र कानावर असतानाच माप घेणे योग्य. नेहमीच्या नळीला १३ क्रमांकाची नळी म्हणतात व तिचा आतील व्यास १.९३ मिलिमीटर असतो. आतील व्यास तोच ठेवून भिंत जाड केलेल्या नळ्याही मिळतात. तीव्र बहिरेपणासाठी जी शक्तिशाली यंत्रे वापरतात, त्यांना जाड भिंतीचीच नळी घ्यावी. कारण पातळ भिंतीतूनही आवाज झिरपतो आणि शिट्टी सुरू होते.

काही नळ्या टोकाकडे शिंगाप्रमाणे रुंद होत जातात. त्यांतून उच्च कंपनसंख्येचे ध्वनी, विशेषतः सेकंदास दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यातील ध्वनी, अधिक जोमाने बाहेर पडतात. ‘स’, ‘श’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख बव्हंशी उच्च ध्वनींवर अवलंबून असते. अशी नळी झिजल्यावर तिच्या जागी साधी सरळ नळी लावली, तर आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटेल, पण शब्द अस्पष्ट होतील. दोष यंत्राचा नसून नळीचा आहे, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही.

आकड्याविषयी थोडक्यात सांगता येईल. अनेक आकड्यांत एक बारीक जाळी बसविलेली असते. नळीतील अनुनादामुळे सेकंदास सुमारे एक हजार कंपनांच्या आसपास आवाज एकदम उसळतो, तो ही जाळी दाबून धरते. जाळीविना आकडा लावल्यास आवाज कर्कश होतो. जाळी ओलाव्याने किंवा मळाने बुजल्यास तो मंद होतो. आकड्याचे आटे प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असल्याने त्याच नमुन्याचा आकडा मागावा.

साचा मात्र बाजारातून निवडून आणण्याची वस्तू नाही. तो प्रत्येक कानाचा ठसा घेऊनच करावा लागतो. दुसऱ्याचा साचा वापरणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यापेक्षाही निरर्थक होय. प्रौढांचा साचा काही वर्षे टिकतो. तान्ह्या मुलाचा कान इतक्या झपाट्याने वाढतो, की पहिल्या वर्षात काही महिन्यांनीच नवा साचा लागतो. येथे हयगय केल्यास परिणाम गंभीर होतात. साचा सैल झाला की शिट्टी वाजते. शिट्टीला कंटाळून आईवडील यंत्राचा आवाज कमी करतात. आणि ज्या महिन्यांत मुलाने भाषा आत्मसात करावयाची, त्याच महिन्यांत तिचे ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आता घटांकडे वळू. ज्यांत पुन्हा विद्युत्भारित करता येणारा घट बसविलेला नसतो, अशा यंत्रांत जस्त-हवा घट वापरतात. त्यांचे चार आकार प्रचलित असून वेष्टनाचे रंग बहुतेक सर्व निर्मात्यांनी सारखेच ठेवले आहेत : १० क्रमांकाचा पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा नारिंगी व ६७५ चा निळा. या क्रमांकांचा मापाशी काही संबंध नाही, आणि १३ क्रमांकाच्या नळीचा १३ क्रमांकाच्या घटाशीही नाही. ३१२ व १३ या दोहोंचा व्यास ७.९ मिलिमीटरच असतो. पहिल्याची जाडी ३.६ व दुसऱ्याची ५.४ मिलिमीटर. त्यामुळे जाड घट पातळ घटाच्या खणात दडपून झाकण मोडल्याची उदाहरणे विरळ नाहीत. ६७५ चे माप ११.६ बाय ५.४ मिलिमीटर आहे, आणि खेळण्यांत व गणकयंत्रांत वापरला जाणारा एलआर४४ हा घटही त्याच मापाचा असतो. तो खणात बसतो, यंत्रही चालू होते. पण त्याची धारणशक्ती जस्त-हवा घटाच्या लहानशा अंशाइतकी असल्याने शक्तिशाली यंत्रात तो फार लवकर संपतो.

ही धारणशक्ती कोठून येते? सामान्य घटात दोन्ही रसायने आत साठवावी लागतात. जस्त-हवा घटात एकच, म्हणजे जस्त, भरलेले असते. दुसरे रसायन म्हणजे हवेतील प्राणवायू. म्हणून घटावर सूक्ष्म छिद्रे असतात व ती चिकटपट्टीने झाकलेली असतात. पट्टी काढल्यावर दोन-चार मिनिटे घट तसाच ठेवून मग बसवावा, म्हणजे हवा आत शिरून पूर्ण दाब मिळतो. पट्टी एकदा काढली की घट वापरला नाही तरी झिजू लागतो, आणि ती पुन्हा चिकटवून फारसा लाभ होत नाही. हवा दमट असेल तर घट पाणी शोषून घेतो, अतिशय कोरडी असेल तर पाणी गमावतो. यास्तव कोकणात किंवा केरळात पावसाळ्यात आणि राजस्थानात उन्हाळ्यात एकाच बनावटीचे घट कमी दिवस टिकले, तर विक्रेत्याला दोष देऊ नये. घेताना मात्र वेष्टनावरील मुदतीची तारीख पाहावी.

काही नव्या यंत्रांत ध्वनिक्षेपक पेटीत नसून बारीक तारेच्या टोकाशी, प्रत्यक्ष कानात असतो. अशा यंत्राची तार घेताना निर्माता, उजवी-डावी बाजू (उजवीसाठी तांबडी, डावीसाठी निळी खूण असते), तारेची लांबी आणि क्षेपकाची शक्ती या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. शक्ती बदलल्यास श्रवणतज्ज्ञाकडून यंत्राची जुळणीही नव्याने करून घ्यावी लागते. टोकावरची रबरी टोपी परक्या बनावटीची असल्यास सैल बसून कानातच राहण्याचा संभव असतो. शिवाय छिद्रे असलेल्या टोपीऐवजी बंद टोपी घेतल्यास मंद्र ध्वनी एकदम वाढून स्वतःचाच आवाज घुमू लागतो.

घरात लहान मूल असेल, किंवा यंत्रच मुलाचे असेल, तर घटाच्या खणाला कुलूपवजा झाकण असलेला नमुना मागून घ्यावा. वापरलेले घट उघड्यावर टाकू नयेत. मुलाने घट गिळल्याची, नाकात किंवा कानात घातल्याची नुसती शंका आली तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि घटाचे वेष्टन बरोबर घ्यावे.