दहावीचा फॉर्म, ओव्यांची वही आणि घर



मागच्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका समूहाचं रजिस्टर तपासत होते. हप्ते बरोबर, बचत बरोबर, इतिवृत्त तर इतकं नीटनेटकं की मी ते दुसऱ्या समूहाला दाखवायला फोटो काढून घेतला. शेवटचं पान उलटलं तर तिथे पेन्सिलीने लिहिलेल्या ओव्या! कापूस वेचताना बोटात घुसणाऱ्या बोंडाच्या टोकांवर, आणि हॉस्टेलला गेलेल्या भाचीवर. सचिव ताईंनी रजिस्टर माझ्या हातून ओढूनच घेतलं. "ते नका वाचू मॅडम, ते असंच हाय."

या ताई नववीतून लग्न होऊन आल्या. दोन लेकरं, मोठा आठवीत. आता त्यांना दहावी करायची आहे. जाताना त्यांनी मला विचारलं, "मॅडम, अभ्यास करायचा तर हे लिवणं सोडून द्याव लागन नं? घर, वावर, पोट्टे, त्यात पुस्तकं. एवढ्यातच जीव जाते माया."

मी तेव्हा "नाही हो ताई, सगळं होते" असं म्हणून गाडी सुरू केली. पण ते उत्तर खरं नव्हतं. सगळं आपोआप होत नाही. मी स्वतः आई नाही, माझं एमएसडब्ल्यू माझ्या आईने दिलेल्या डब्यावर झालं. म्हणून इथे स्वतःच्या अनुभवाचं काही सांगत नाही. ज्यांनी हे केलं त्यांचं काय झालं ते सांगते, आणि मग आपल्या जिल्ह्यात काय जमू शकतं ते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या वर्ध्याला ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तुमच्यापैकी काही जणी गेल्याही असतील. तिथल्या पुस्तकांच्या गर्दीत मी उर्मिला पवार यांचं 'आयदान' घेतलं. हे त्यांचं आत्मचरित्र २००३ साली आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळे गावच्या या बाई. वडील लहानपणी गेले, आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणून घर चालवायची. त्या विणलेल्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या, सरकारी नोकरी केली, मुलं झाली, आणि मग मराठीत एम.ए. करायचं ठरवलं. नवऱ्याचं म्हणणं काय होतं माहिती आहे? घरातला स्वयंपाक, मुलांचं, बाकी सगळं आधी उरकायचं, त्यातून वेळ उरला तर खुशाल शिक. म्हणजे परवानगी दिली, पण वेळ दिला नाही. हे वाक्य आपण किती घरांत ऐकतो! उर्मिलाताईंनी एम.ए. केलं, कथा लिहिल्या, मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहासही लिहून काढला. पण घरात खटके उडाले, ते त्यांनी झाकलेलं नाही.

दुसऱ्या आहेत फलटणच्या बेबीताई कांबळे. चौथीपर्यंत शाळा. दहा बाळंतपणं. घरच्या किराणा दुकानात बसायच्या आणि पुड्या बांधायला आलेली जुनी वर्तमानपत्रं वाचायच्या. नवरा माल आणायला गेला की लिहायच्या, आणि वही घरात अडगळीत लपवून ठेवायच्या. अशी वर्षानुवर्षं लपवलेली वही पुढे 'जिणं आमुचं' म्हणून १९८६ साली पुस्तक झाली. आज ते पुस्तक इंग्रजीतसुद्धा वाचलं जातं.

या दोघींचं वाचून मला आधी अभिमान वाटला, मग राग आला. इतकी वर्षं वही लपवावी का लागावी? आणि ज्यांची वही सापडली नाही त्यांचं काय? बहिणाबाई चौधरींची गाणी आपण शाळेत शिकलो. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि घरच्यांनी टिपून ठेवलं तेवढंच राहिलं, आणि तेही १९५२ साली, त्या गेल्यानंतर छापलं गेलं. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉईतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! म्हणजे लिहिणाऱ्या बायका आपल्याकडे कधीच कमी नव्हत्या. वेळ आणि वही कमी होती.

आता सचिव ताईंच्या प्रश्नाकडे येते. मला वाटते, अभ्यासाचा वेळ आणि लिहिण्याचा वेळ हे दोन वेगळ्या जातीचे आहेत, आणि आपण दोन्हीला एकाच तासात कोंबायला जातो म्हणून गडबड होते. ओवी निंदताना सुचते, भाकरी थापताना सुचते. हात कामात असले तरी चालते. गणित तसं नाही. त्रिकोणाचं प्रमेय वावरात तुरीच्या ओळीत पाठ होत नाही, त्याला बसावं लागते, आणि मधात उठावं लागलं की पहिल्यापासून सुरू. म्हणून घरी मागायचा असेल तर एकच सलग तास मागा, आणि तो अभ्यासाला द्या. लिहिण्याला दिवसभरातले तुकडे द्या. सुचलं की मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून ठेवा, वहीत उतरवायचं काम रविवारी. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप होते, ते जमत नसेल तर कॅडरताईला विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लिहिणं अभ्यासाच्या आड येते हे तर मला पटतच नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाचा एक भाग असतो. त्यात पत्र, बातमी, कथा, निबंध. ज्या बाईने समूहाचं इतिवृत्त लिहिलं आहे, बँकेला अर्ज लिहिला आहे, ती हा प्रश्न शाळेतल्या पोरांपेक्षा चांगला लिहील. भीती गणित-इंग्रजीची असते, आणि ती खरी आहे.

रस्ते कोणते? दहावी-बारावीसाठी दोन नेहमीचे. एक, आपल्याच राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणं, ज्याला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा केंद्र म्हणून मिळते, अभ्यासक्रम तुमच्या मुलाच्या पुस्तकातलाच. घरात दहावीचं लेकरू असेल तर हा सोयीचा, एकाच पुस्तकात दोघं. दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. इथे दहावीला पाच विषय निवडायचे, त्यात एक तरी भाषा. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एका वेळी एक-दोन द्या, पास झालेला विषय जमा राहतो. पास व्हायला शंभरात ३३. घर सांभाळून शिकणाऱ्या बाईला मी हा रस्ता सुचवते. बारावी झाली की पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए. करता येते.

आता एक गोष्ट जी फॉर्मवर लिहिलेली नसते. एनआयओएसची परीक्षा वर्षात दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी, मळणी, कापसाची पहिली वेचाई आणि वरून दिवाळी. या दिवसांत परीक्षा धरणं म्हणजे स्वतःला नापास करायची व्यवस्था. एप्रिल-मेमध्ये ऊन मरणाचं असते, पण वावरात काम कमी. ऊन सोसता येते, ताई. दोन विषय उन्हाळ्यात द्या, पुढच्या उन्हाळ्यात दोन, मग एक. तीन वर्षं लागतील. लागू द्या.

घाई फक्त एका ठिकाणी आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोन्हीसाठी २०२३ पासून बारावी पास लागते, आणि वयाची अट ३५ पर्यंत, विधवा ताईंसाठी ४०. ज्यांच्या डोक्यात ते आहे त्यांनी आजच वय आणि वर्षं मोजावी. नऊ संधी आहेत म्हणून निवांत बसू नका.

'हमखास पास, पेपर आम्ही पाहून घेतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. माझ्या ओळखीच्या एका बाईने गाय विकून आलेल्या पैशातून अशा एकाला रक्कम दिली. मार्कशीट आली, छान रंगीत होती, कुठेच चालली नाही. फॉर्म स्वतः भरा किंवा माझ्यासमोर भरा, फी ऑनलाइन भरून पावती ठेवा.

राहिला घरचा तास. तो मिळत नाही, मागावा लागतो. आणि "मले अभ्यास करायचा हाय" एवढं सांगून होत नाही, कारण घरचे हो म्हणतात आणि सातला भाजी मागतात. एका ग्रामसंघातल्या ताईने वेगळं केलं. तिने कामाचं नाव घेऊन मागितलं. सांजच्याला भांडे नवऱ्याने घासायचे, पाणी मुलाने भरायचं, आठ ते नऊ मला कोणी हाक मारायची नाही. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्याच नातवाला दटावू लागल्या, "तुई माय अभ्यास करून राहिली, टीव्ही बंद कर." सगळ्या घरांत असं होईल असं मी म्हणत नाही. काही घरांत मागितलं तर मार बसतो हे मला माहीत आहे. तिथे तास घरी मागू नका, समूहाच्या बैठकीच्या दिवशी एक तास आधी या, दोघी-तिघी मिळून बसा. आणि मला एकटीला सांगा, आपण बोलू.

लिहिलेल्याबद्दलही एक सांगायचं आहे. घराबद्दल लिहिलं की घर दुखावते. उर्मिलाताईंनी नावानिशी लिहिलं, ती त्यांची हिंमत. तुम्ही लिहिलेलं सगळं छापायला द्यायलाच पाहिजे असं नाही. आपल्या अंकात नाव न टाकताही छापता येते. काही पानं फक्त तुमचीच राहू द्या.

माझ्या आईकडे गाण्यांची एक वही होती. लग्नात आणलेली, शंभर पानी, अर्धी भरलेली. मी सातवीत असताना घराचं छत काढलं, सामान बाहेर आलं आणि ती वही रद्दीत गेली. कोणी मुद्दाम केलं नाही. आईला आता त्यातली चार-पाच गाणी आठवतात, तीही मधातून तुटलेली. मी ती लिहून घेतली आहेत. बाकीची ती आठवायला बसली की गप्प होते, म्हणून मी विचारणं सोडलं आहे.

तर सचिव ताई, ओव्या सोडू नका, पण रजिस्टरच्या शेवटच्या पानावर नको, ऑडिट होते त्याचं. वीस रुपयांची वेगळी वही घ्या.

प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला ज्यांना दहावी-बारावीचं नाव घालायचं आहे त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, दोन फोटो आणि शेवटच्या वर्गाची गुणपत्रिका असेल तर ती आणा. दाखला हरवला असेल तर शेवटच्या शाळेत अर्ज करून दुसरी प्रत मिळते, अर्जाचा नमुना मी घेऊन येते. लेकरांना सोबत आणलं तरी चालेल.